निळ्या पोटाचा मासा

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नजरेला पडलेली टाकाऊ वस्तू टाकाऊच राहिली, असं आमच्या नागावात आजवर एकदाही घडलेलं नाही. समुद्रावर गेलेली माणसं सूर्यास्त बघतात, जाऊबाई सूर्याकडे पाठ करून वाळू बघतात. जोडीदार हरवलेली चप्पल, जाळ्याचा तुटका गुंता, कुणाच्या तरी बाळाची बूड गेलेली बादली, असलं काही दिसलं की त्यांच्या बोटांना सुरसुरी येते. कमरेला कात्री खोचलेलीच असते. वस्तू उचलायची, उलटसुलट करायची, पाण्यात खळबळायची आणि म्हणायचं, "याचं काहीतरी होईल." हे वाक्य ऐकलं की आमच्या घरातली माणसं आपापल्या चीजा जवळ ओढून घेतात. कारण 'टाकाऊ' या शब्दाची जाऊबाईंची व्याख्या फार सैल आहे. आमचे दादा, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, यांची चांगली चालती छत्री एका भाद्रपदात वाडीतल्या आंब्यावर कावळा होऊन बसली. तिची एक काडी किंचित वाकली होती, एवढाच तिचा गुन्हा. दादा अलिबागच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते मला म्हणाले, "मी हल्ली दुपारचा फार वेळ एका कुशीवर झोपत नाही. ही यायची आणि माझं कासव करायची."

जाऊबाई मूळच्या पालीच्या, डोंगराकडच्या. लग्न होऊन समुद्रकाठी आल्या तेव्हा समुद्र ही वस्तू त्यांनी आधी फारशी पाहिलेली नव्हती, आणि मला वाटतं त्या अजून तिला सरावलेल्या नाहीत. आम्ही किनाऱ्यावर वाढलेली माणसं लाटेबरोबर येणारा कचरा बघून न बघितल्यासारखं करायला केव्हाच शिकलो. त्यांना ते जमलं नाही. एकदा पलीकडे श्रीवर्धनला लग्नाला गेलो होतो. परत येताना दिघीहून आगरदांड्याला येणाऱ्या बोटीत गाडी चढवली, बोट सुटायला अवकाश होता, म्हणून आम्ही सगळे कठड्याशी गार वाऱ्याला उभे राहिलो. पाहते तो जाऊबाई नाहीत. त्या खाली धक्क्याच्या उतारावर, शेवाळात पाय रोवून, पैठणीचा ओचा वर धरून, पाण्यातून जाळ्याचा एक हिरवा गोळा ओढत होत्या. बोटवाला वरून ओरडत होता. शेवटी त्यालाच दया आली आणि त्यानंच खाली उतरून तो गोळा वर घेतला. आगरदांड्यापासून नागावपर्यंत ते ओलं, कुजलेल्या मासळीचा घमघमाट सुटलेलं जाळं आमच्या पायांशी होतं. आमचे हे गाडी चालवताना डोकं खिडकीबाहेर काढून होते. त्यांनी काही बोलायच्या आधीच मागून आवाज आला, "भावोजी, वास उन्हानं जातो. जाळं आपणहून जात नाही."

आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. स्वयंपाकघर मी बघते, खोल्या जाऊबाई बघतात. म्हणजे पाहुणे गेल्यावर खोलीत काय उरलं ते त्या बघतात. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबानं दोन दिवसांत वेफर्सची इतकी पाकिटं फोडली, की जाऊबाईंनी ती धुऊन, चंदेरी बाजू बाहेर करून, त्यांच्या घड्या घालून एक तोरण केलं आणि जेवणाच्या पडवीला बांधलं. निघायच्या दिवशी न्याहारीला त्या गृहस्थांनी तोरण पाहिलं, फोटो काढले आणि विचारलं, "फारच सुंदर. हे इथं कुठे विकत मिळतं?" जाऊबाई म्हणाल्या, "विकत तुम्हीच आणलंत. तुमच्या खोलीतलं आहे." गृहस्थांनी चहा तसाच खाली ठेवला. मला वाटलं, आता ही माणसं पुन्हा यायची नाहीत. पण ती पुढच्या सुट्टीत आली, आणि त्यांच्या धाकट्या मुलीनं गाडीतून उतरल्या उतरल्या रिकाम्या पाकिटांची पिशवी जाऊबाईंच्या हातात दिली. तेव्हा त्या केवढ्या खूश झाल्या होत्या. त्या पिशवीतच पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बी होतं, हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

मुलांचा वर्ग सुरू कसा झाला हे नेमकं सांगता येणार नाही. कैऱ्या पाडायला कुंपणावरून उड्या मारून आलेली गावातली पोरं छत्रीचा कावळा बघत थबकली, आणि मग रविवारी सकाळी येतच राहिली. जाऊबाईंना चित्र अजिबात काढता येत नाही, ही त्या वर्गाची पहिली गंमत. त्यांनी एकदा गाय काढून दाखवली तेव्हा कोळीवाड्यातल्या जुईनं गंभीरपणे विचारलं, "काकी, कपाटाला शिंगां का?" ही जुई मनात येईल ते तोंडावर बोलणारी. तिचे बाबा होडी घेऊन जातात आणि ती वर्गात सगळ्यांत पुढे बसते. जाऊबाई म्हणाल्या, "मला येत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं." पर्यावरण हा शब्द मात्र त्यांनी वर्गात कधी उच्चारू दिला नाही. तो परीक्षेत लिहायचा, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी एकदा वाऱ्यानं पडलेलं सुगरणीचं घरटं आणलं, मुलांकडून काडी काडी करून उसवून घेतलं आणि म्हणाल्या, "आता परत विणा. तिला एक चोच आहे, तुम्हाला दहा बोटं आहेत." सगळा रविवार गेला. कुणालाही चार ओळींपलीकडे विणता आलं नाही. त्यानंतर आमच्या आळीत घरटं पाडायला दगड मारणारं पोर राहिलं नाही. एखाद्यानं हात उचललाच तर बाकीचे त्याला म्हणत, "आदी इनून दाखव."

पोफळीच्या पडलेल्या विऱ्यांचे, म्हणजे झावळीच्या रुंद देठांचे, मुखवटे झाले, नारळाच्या केसाळ सोडणांची सिंहाची आयाळ झाली, सुरूच्या बोंडांची साळिंदरं झाली. समुद्रावरून आणलेल्या प्लास्टिकचे बगळे झाले. जाऊबाई या सगळ्यातून अशा फिरायच्या, की त्यांना मी कायम अर्धवटच पाहिलं आहे. दाराआड जाणारा पदर, नाहीतर माडामागून आलेला हात. एकाची बगळ्याची मान चिकटवून होईपर्यंत त्या दुसऱ्याला खेकडा दाखवायला विहिरीपाशी घेऊन गेलेल्या असत. मी भाजी चिरताना त्यांना म्हटलं, "वहिनी, जरा दमानं घ्या." तर म्हणाल्या, "अगं, समुद्र रोज दोनदा आणून टाकतोय. मी दमानं कशी घेऊ?"

गेल्या थंडीत गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. स्नेहसंमेलनात रंगमंचाशेजारी ठेवायला मुलांकडून काहीतरी मोठं करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. "मोठं म्हणजे केवढं?" असं जाऊबाईंनी विचारलं तेव्हाच मला धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी वाडीत बांबूचा सांगाडा उभा राहिला. बैलगाडीपेक्षा मोठा मासा. पाठ टायरच्या ट्यूबची काळी, पर वेफर्सच्या पाकिटांचे चंदेरी, आणि पोट निळं. पोटाचा निळा रंग बाटल्यांच्या झाकणांचा. पण जाऊबाईंनी उत्साहाच्या भरात पोट असं काही आखलं होतं, की ते भरता भरेना. "निळी झाकणं आणा," त्या मुलांना सांगत, "मिळतील तेवढी आणा." मुलं आणत होती. आधी मुठीमुठीनं, मग पिशव्या भरून. जेवताना जाऊबाई म्हणायच्या, "किनारा स्वच्छ व्हायला लागला बघा." आमचे हे म्हणाले, "मला तर काल होता तसाच दिसला." "तुमची नजर मेली आहे, भावोजी," म्हणून त्यांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी मासा पुरा होत आला. मी मुलांसाठी पोह्यांची परात घेऊन गेले तेव्हा जाऊबाई माशाच्या पोटापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातली झाकणं तशीच हातात होती. त्या ती बोटांनी चाचपत होत्या. समुद्रानं दिलेलं झाकण कधी असं नसतं. त्यावर ओरखडे असतात, त्याचा रंग उडालेला असतो, आत वाळू रुतलेली असते. ही झाकणं गुळगुळीत होती. काहींना खालची कडीसुद्धा लोंबत होती.

"ही धुतलीस का गं?" त्यांनी जुईला विचारलं.

"नाय काकी. ती नवीच हाईत."

"नवी म्हणजे?"

"दर्यावर निली गावंनात. मंग आमी सगल्यांनी मिलून दुकानातल्या पान्याच्या बाटल्या घेतल्या." जुईच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, जरासा अभिमानच होता.

"आणि पाणी?"

"माडाला घातला."

दुसऱ्या एकानं भर घातली की चंदेरी कमी पडलं तेव्हा वेफर्सही आणले होते, पण ते ओतले नाहीत, खाल्ले. एरवी मी हसले असते. जाऊबाईंचा चेहरा बघून परात तशीच धरून उभी राहिले. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाटल्या कुठे आहेत?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाटल्यांना झाकणं नव्हती, आणि झाकणाशिवाय बाटलीचा माशाला उपयोग नव्हता. "खाडीकडं," जुई म्हणाली. "काकी, चुकला का आमचा?"

जाऊबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोट एवढं मोठं मी आखलं," त्या म्हणाल्या, गोणपाट उचललं आणि भर उन्हात तशाच अनवाणी निघाल्या. मागून मुलं, मुलांमागून मी. खाडीच्या काठी झुडपांत अडकलेल्या बाटल्या मिळाल्या, चिखलात रुतलेल्या मिळाल्या, पण बऱ्याचशा पाण्यानं नेल्या होत्या. एक बाटली थोड्या अंतरावर तरंगत होती. जाऊबाई गुडघाभर चिखलात शिरल्या, एक काठी पुढे केली, बाटली काठीला लागली आणि आणखी पुढे सरकली. आणखी दोन पावलं आत गेल्या. मी हाका मारत होते. ओहोटी लागली होती आणि बाटली संथपणे खाडीच्या तोंडाकडे निघाली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या चिखलातून बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई समजूत घालायला आल्या. मासा ठेवायचा नाही, असं जाऊबाईंनी कळवलं होतं. बाई म्हणाल्या, "काकी, पाहुण्यांना काय कळणार आहे?" जाऊबाई म्हणाल्या, "मुलांना कळलंय ना." मग बाई म्हणाल्या, "मुलांनीच केलाय तो. नाही ठेवला तर ती रडतील."  जाऊबाई पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत फिरत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ठेवा. पण मला दोन शब्द बोलू द्या."

मासा टेम्पोतून शाळेत गेला. दिव्यांच्या उजेडात त्याचं निळं पोट असं चमकत होतं, की मंडपात शिरणारा प्रत्येक माणूस आधी तिकडे वळत होता. पाहुण्यांनी कौतुक केलं. जाऊबाईंचं नाव पुकारल्यावर त्या माइकपाशी गेल्या. हातात पिशवी होती, तरी हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हा मासा या मुलांनी केलाय. फार देखणा झालाय, त्यांना शाबासकी द्या. पण याच्या पोटात जे निळं आहे, त्यातलं पुष्कळसं या माशासाठी विकत आणलेलं आहे. त्याच्या बाटल्या खाडीत गेल्या. मी मुलांना कचऱ्यातून सुंदर काहीतरी करायला शिकवलं. कचरा होऊच नये, हे शिकवायचं राहून गेलं. ते माझ्याकडून राहिलं, मुलांकडून नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच समजेना. पुढचा कार्यक्रम कोळीनृत्याचा होता, मुली नटून विंगेत उभ्या होत्या. तेवढ्यात आमचे दादा, जे चारचौघांत पुढे येऊन कधी काही करत नाहीत, उठले, रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी गेले, त्यांनी जाऊबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या उतरेपर्यंत तिथे उभे राहिले.

पुढच्या रविवारी मुलं आली तेव्हा वाडीचं फाटक लावलेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग मुलं यायची थांबली. जाऊबाईंनी कात्री खुंटीला टांगली. आणि त्यानंतरचे ते दोन-तीन महिने आमच्या घरानं जे सोसलं ते आम्हालाच माहीत. घरातली तांब्यापितळेची भांडी इतक्या वेळा घासली गेली, की त्यांत तोंड बघून भांग पाडता आला असता. दादांचा अर्धा स्वेटर उसवून पुन्हा विणून झाला, तो आधीपेक्षा लहान झाला. पाहुण्यांना न मागता तिसऱ्यांदा चहा जायला लागला. जेवायला बसल्या की मधेच उठायच्या, उठल्या की कशासाठी उठलो ते विसरायच्या. समुद्रावर जायच्याच नाहीत. कुणी रस्त्यात भेटून "काकी, वर्ग कधी?" विचारलं, की घाईचं काम असल्यासारखं दाखवून निसटायच्या. एका सकाळी मी बघितलं, दादांनी आपली नवीकोरी छत्री पडवीत त्यांच्यासमोर उघडून ठेवली आहे आणि स्वतः पेपर वाचल्याचं सोंग करताहेत. जाऊबाईंनी छत्रीकडे बघितलं, ती उचलली, नीट मिटली, बंद लावला आणि कोपऱ्यात उभी केली. दादांनी पेपर उलटला नाही बराच वेळ.

शिमगा झाल्यावर, पाहुण्यांची गर्दी जरा ओसरली तेव्हाची गोष्ट. मी मागच्या दारी मासे साफ करत होते. जुई धापा टाकत आली. "काकीला घेऊन चल," ती मला म्हणाली. "आत्ताच. पानी फिरलाय." मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "सांगायचा नाय." मी जाऊबाईंना काय थाप मारली ते आता आठवत नाही. बहुधा पाहुण्यांपैकी कुणाचं तरी काही हरवलंय असं म्हटलं. त्या आल्या, कुरकुरत आल्या.

समुद्र बराच आत होता. ओल्या वाळूवर, पर्यटकांच्या गाड्या धावतात त्याच्या बाजूला, लहान लहान चपला ओळीनं मांडून मुलांनी एक मोठं रिंगण केलं होतं, म्हणजे आत कुणी गाडी घालू नये. रिंगणात जाऊबाई झोपल्या होत्या. वाळूच्या, चांगल्या दोन होड्यांएवढ्या लांब. अंबाडा सुरूच्या बोंडांचा, साडीच्या निऱ्या पोफळीच्या विऱ्यांच्या, पदर ओल्या शेवाळाचा. चष्मा दोन करवंट्यांचा आणि कपाळावर पांगाऱ्याचं लालभडक फूल. दोन्ही हात पसरलेले, आणि एकेका हाताला बोटं मात्र पाचापेक्षा जास्त, कारण प्रत्येकाला एकेक बोट करायचं होतं. पोरं रिंगणाबाहेर उभी होती.

जाऊबाई एका बाजूनं गेल्या, दुसऱ्या बाजूनं आल्या. वाकून निऱ्यांना हात लावला. पदराचं एक टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"सकाली बारीक केलेला," जुई म्हणाली. "त्याच्यावर कुत्रा बसला. मंग परत केला तो असा झाला." आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "काकी, यात इकत आनलेला काय नाय. सगला पडलेला. आनि मोडला तरी कचरा नाय व्हनार. आमी इचार केला."

जाऊबाईंनी आपला चष्मा काढला. पदरानं पुसत राहिल्या.

पाणी खरंच फिरलं होतं, भरती लागली होती. पहिली लाट चपलांपर्यंत आली तशी मुलांनी धावत जाऊन आपापल्या चपला उचलल्या. दुसरी पायांवरून गेली. निऱ्यांच्या विऱ्या एकेक करून सुट्या झाल्या आणि तरंगायला लागल्या. मुलांना मजा वाटत होती, प्रत्येक लाटेला ती ओरडत होती. जाऊबाई पाण्याच्या कडेकडेनं येरझाऱ्या घालत होत्या, लाट आली की मागे, गेली की पुढे, आणि त्यांची साडी घोट्यापर्यंत भिजली होती. मधेच त्यांनी खाली वाकून वाळूचा एक बांध घालायला घेतला. दोन ओंजळी वाळू टाकली आणि हात थांबवले. "पदर गेला," त्या म्हणाल्या. मग बोटं गेली, मुलांनी आपापलं बोट कुठलं ते ओरडून सांगितलं. करवंट्या उलट्या होऊन पाण्यावर डोलत निघाल्या. नाक सगळ्यांत शेवटी गेलं. त्यावरून दोन लाटा गेल्या तरी एक उंचवटा राहिला होता. तिसरी गेली तेव्हा तिथे नुसती चकचकीत वाळू होती आणि तिच्यावर आभाळ दिसत होतं.

मुलं पांगली. जुई जाताना सांगून गेली, की परीक्षा झाली की ती मावशीकडे पनवेलला जाणार आहे, पुढची शाळा तिकडेच. "येन मी मदी मदी," म्हणाली. जाऊबाईंनी मान हलवली. मग आम्ही दोघी सुरूच्या बनातून घराकडे निघालो.  मी विचारलं, "वाईट वाटलं का, वहिनी?"

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "नाकाचं."

थोडं पुढे गेल्यावर थांबल्या. मागे वळून समुद्राकडे बघितलं. तिथे आता आमच्या पावलांशिवाय काही नव्हतं, तीही बनाजवळचीच.

"पुन्हा काढतील का गं मला?"

"काढतील," मी म्हटलं.

"तेव्हा मी असले पाहिजे," असं त्या म्हणाल्या की "तेव्हा ती असली पाहिजे" असं जुईबद्दल म्हणाल्या, ते वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही.